पान दोनशे बाराचा खुलासा

१२ सप्टेंबर ५६, बुधवार

आणि वर मलाच सांगतो, "बाय, भांडी जरा हळू घास. वाक्य मोडतं."

वाक्य मोडतं! मोडू दे. भांडी घासली नाहीत तर जेवशील कशात, वाक्यात? अकरा दिवस झाले, हा घोडा पडवीत मांडी घालून बसलाय. पुढ्यात कागद, कानावर पेन्सिल, नजर समोरच्या चिंचेवर. मध्येच हसतो. काल तर डोळे पुसत होता. मी म्हटलं, कांदा चिरतोयस का रे? तर म्हणे, "एक बाई पाणी भरतेय, तिची घागर फुटली." कुठली बाई? आमच्या विहिरीवर तर चिटपाखरू नव्हतं.

नाथा माझा धाकटा भाऊ. सोळा वर्षं हिशेब तपासनीस. आधी सहकारी सोसायट्यांची दप्तरं तपासत गावोगाव फिरायचा, पुढे उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये टेबल टाकलं. सिंधी व्यापारी त्याला साहेब म्हणायचे आणि चळाचळा कापायचे. नाथाने हिरव्या शाईत टिक केली की ब्रह्मदेव आला तरी ती पुसायची नाही. असा माणूस एक तारखेला टेबल आवरून घरी आला आणि म्हणाला, "बाय, मी कादंबरी लिहिणार."

"कुणाची?" मी विचारलं.

"लिहून झाल्यावर कळेल."

आमच्या कात्रपातली शाळेची पोरं परवडली, निदान त्यांना घंटा तरी असते. विहिरीवर शेजारची इंदुबाई विचारते, "काय गो अंजनी, भावाला बरं नाय काय?" मी म्हटलं, बरं आहे, शेफारलाय.

ही वहीसुद्धा त्याचीच, ऑफिसातली कोरी उरलेली. मी भांडायला लागले तर हातात देऊन म्हणाला, "जे बोलायचंय ते लिहून काढ, वर तारीख घाल. तोंडी तक्रार मी सोळा वर्षांत ऐकलेली नाही." बरं. ही तारीख, ही तक्रार. मी तिसरी शिकलेली आहे. अक्षर वाकडं असेल, बोलणं सरळ आहे.

आणि माझंही लिहून ठेवते, म्हणजे कुणाला विचारायला नको. मी इथून, बदलापूरहून, जवळच्या चामटोलीला दिलेली. आमचे हे तिथल्या गवताच्या वखारीत होते. छत्तीस सालच्या दिवाळीनंतर गवताच्या वॅगनबरोबर मुंबईला गेले ते आले नाहीत. वीस वर्षं होतील. मेल्याची खबर नाही, म्हणून कपाळाला कुंकू आहे आणि गळ्यात काळे मणी आहेत. नाथाची बायको पहिल्या बाळंतपणात गेली, तेव्हापासून ह्या घरची चूल माझी. यावर कुणाला बोलायचं असेल त्याने तोंडावर बोलावं.


२० सप्टेंबर, गुरुवार

आज नाथाने मला कामाला लावलं.

तपासनिसांच्या धंद्यात म्हणे एकट्याने तपासलेलं तपासलेलं धरत नाहीत. एकाने मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने दुसऱ्या प्रतीवर बोट ठेवून टिक करत जायचं. म्हणून हा कादंबरीसुद्धा खाली कार्बन घालून लिहितो, एकदम दोन प्रती. वरची त्याची, खालची माझ्या मांडीवर. हातात पेन्सिल दिली, एका टोकाला लाल, एका टोकाला निळी.

"पटलं तर निळी टिक. शंका आली तर लाल."

"मला एवढं भरभर वाचता येत नाही."

"बोट ओळीवर ठेव, कान माझ्याकडे दे. आणि बाय, माझ्यावर दया करू नको. खोटं असेल तिथं लाल."

दया आणि मी! पहिल्याच पानावर तेरा लाल केल्या. श्रावणात गवत कापायला लावलंन लोकांना. मी म्हटलं, श्रावणात विळा लावून गवत कुजवायचंय का? दसऱ्यानंतर कापतात. बैल उताराला पुढे ओढत होते त्याचे. मी म्हटलं, उताराला बैल मागे रेटतो, नाहीतर गाडी त्याच्याच ढुंगणावर येईल. प्रत्येक लाल खुणेला हा खूश. "बाय, सोळा वर्षांत माझी चूक कुणी काढली नव्हती."

एक गोष्ट इथेच लिहिते, त्याला सांगणार नाही. पानाच्या शेवटी ती बाई आली, तुळशी नावाची, विहिरीवरची. दोर ओला, हात घसरतोय. नाथा वाचत होता आणि माझे तळहात ओले झाले. खरंच ओले. लुगड्याला पुसले. टिक करायची राहून गेली.


२ ऑक्टोबर, मंगळवार

टहिलराम आला होता. कॅम्प दोनमधला कापडवाला, ज्याच्या दुकानाच्या माळ्यावर नाथाचं टेबल होतं. पापडांचा डबा घेऊन आला आणि दारातूनच सुरू.

"अदी, साईं को समझाओ. पूरा कॅम्प पूछता है, ऑडिटर कुठे गेला? मी काय सांगू, गोष्ट लिहितो?"

अदी म्हणजे त्यांच्यात बहीण. मी म्हटलं, "भाऊ, मी समजावून थकले. आता तुम्ही ऐका काय लिहितो ते, मग तुम्हीच समजवा."

बसला. नाथाने तुळशी घर बंद करून माहेरी निघते तो भाग वाचला. नवरा गेलेला, वर्ष झालेलं, परत येईना. कडी लावते, दोन पावलं जाते, परत येऊन कडी ओढून बघते. मी निळी टिक केली. मीही तशीच बघितली होती तीनदा.

टहिलराम एकदम म्हणाला, "दरवाजे का रंग?"

"रंग लिहिला नाही," नाथा म्हणाला.

"लिखो साईं. रंग नहीं लिखा तो आदमी लौट के घर पहचानेगा कैसे? हम छोड़ के आए वो शिकारपूर का दरवाजा नीला था. अभी कुणी दुसराच रंग मारला असेल."

नाथाने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "गेरू." त्याने लिहिलं आणि पुन्हा वाचलं. गेरूच्या दाराला कडी लावून तुळशी निघाली. झालं, एवढा मोठा कापडवाला, धोतराच्या सोग्यात तोंड घालून रडायला लागला. माझ्या दारासाठी. ह्याने कधी चामटोली बघितलेली नाही.

जाताना समजवायचं विसरला. उलट मलाच म्हणतो, "अदी, इसको लिखने दो." आणि हळूच सांगून गेला, "एक दफा साईं मुझसे बोला, सारी जिंदगी में एकच खातं मी बघून न बघितल्यासारखं केलं. तेव्हापासून झोप नाय." मी तडक आत येऊन नाथाला धरलं. कुणाचे पैसे खाल्लेस रे? तर म्हणे, "पैशाचं नव्हतं, बाय." पैशाचं नव्हतं तर तपासनिसाचं काय घोडं अडलं होतं तिथं? असेल कुणा चेअरमनची भानगड. माझ्या भावाने अशांना सोडायला नको होतं.


८ ऑक्टोबर, सोमवार

आज तुळशीचा नवरा आला गोष्टीत. धाकलू. डाव्या हाताने विडी ओढतो. चालताना उजवा खांदा खाली, दाबलेल्या गवताच्या गासड्या वाहून वाहून. जेवताना पहिला घास बाजूला काढतो आणि तो शेवटी खातो.

मी पेन्सिल उचलली. "हा कोण?"

"धाकलू."

"धाकलू कोण?"

"कादंबरीतला आहे, बाय."

"पहिला घास शेवटी खाणारा अख्ख्या मुलखात एकच माणूस होता."

नाथा कागदाकडे बघत म्हणाला, "शंका असेल तर लाल कर."

लाल कशी करू? खरं होतं. दात ओठ खाऊन निळी केली.


१० ऑक्टोबर, बुधवार

हे कसं लिहू कळत नाही, पण आज घडलं.

आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. लग्नात एकदा आणि हळदीकुंकवाला उखाण्यात, बास. हाक मारायची तर "अहो", नाहीतर "ऐकलं का". माणूस गेला त्या दिवशीसुद्धा मी बांधावर उभी राहून "अहो" अशीच ओरडले होते. गवताच्या चार गाड्या स्टेशनाकडे चालल्या होत्या, बरोबर दहा गडी. दहाच्या दहा अहोच. एकानेही मागे बघितलं नाही.

आज नाथा अंबरनाथला शाई आणायला गेला होता. मी तांदूळ पाखडत होते. तोंडातून निघालं, "धाकलू." मीच दचकले. मग जरा मोठ्याने. मग मागच्या दारी फणसाखाली जाऊन चांगली घशातून हाक मारली, "धाकलू! ओ धाकलू!" ह्या नावाला बंदी नाही. हे कागदावरचं. पण माणूस तोच.

वीस वर्षांत पहिल्यांदा मला त्यांना हाक मारता आली. नाथाला कळलं असेल का, नाव बदलून आपण काय करून ठेवलंय ते? शाईच्या दौतीत एवढं असतं?

इंदुबाईने कुंपणावरून विचारलं, "कोन धाकलू गो?" मी म्हटलं, बोकड.


१८ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा झाला, गवताला विळे लागले. स्टेशनाजवळच्या वखारीत गवत दाबून गासड्या बांधायचा प्रेस सुरू झाला. आज मी मुद्दाम तिकडून आले. नाथाने लिहिलंय की ताज्या गासडीला हात लावला तर आत ऊब लागते, झोपलेल्या जनावरासारखी. म्हटलं बघूया. लावला हात. लागते. आठ वर्षं चामटोलीला गवतात काढली, मला कधी समजलं नाही. प्रेसवरचा गडी म्हणाला, "बाई, काय पायजे?" मी म्हटलं, "काही नाही, तपासणी आहे." निळी टिक घरी येऊन केली.

दुपारी वॅगनचा भाग वाचला. धाकलू निघतो त्या सकाळचा. तुळशी मागच्या दारी, तो ओटीवर. भांडण. आणि नाथाने तुळशीचं बोलणं वाचलं. "जा. तुम्ही गेलात म्हणून माझी चूल विझत नाही."

माझी पेन्सिल खाली पडली.

हे शब्द माझे आहेत. अक्षर न् अक्षर. तेव्हा तिथं ते होते आणि मी. सासू शेतावर, नाथा कल्याणला शाळेत. मी हे कुणाला सांगितलेलं नाही, देवालासुद्धा नाही, त्याने ऐकलं असेल तर त्याचं तो जाणो. वीस वर्षं मी हे वाक्य गिळून बसलेय आणि हा माझ्या पुढ्यात बसून खणखणीत आवाजात वाचतोय.

"हे तुला कसं कळलं?"

"कादंबरीत असं होतं," नाथा म्हणाला. कागद उगाच सारखे करायला लागला. "माणसं आपोआप बोलतात."

खरं असेल. घागर फुटलेली त्याला दिसली, गासडीची ऊब कळली, तर हेही कळलं असेल. लेखणीला कळतं. पण मग लेखणीला काय काय कळत असेल? मी घरात जपून वागायला लागलेय. भांडीसुद्धा हळू घासली.


४ नोव्हेंबर, रविवार. भाऊबीज

ओवाळायला बसवला. दरवर्षी लुगडं देतो, यंदाही आणलं, हिरव्या काठाचं. पण ताटात ते ठेवलं नाही. ताटात कागदांचा गठ्ठा ठेवला, फायलीच्या लाल फितीने बांधलेला. कादंबरीची माझी प्रत, इथपर्यंतची.

"हिच्यावरच्या टिका तुझ्या आहेत. ही तुझी."

"अर्धवट ओवाळणी देतोस?"

"शेवट अजून येत नाही."

सोन्यासारखा दिवस, पण ह्याची एक खोड मला सहन होत नाही. ओवाळताना माझ्या तोंडाकडे बघत नाही. मान खाली. मी कुंकू लावून घेतलं तेव्हाही दिव्याकडे बघत बसला. पूर्वी असा नव्हता. मला आठवतंय, अठ्ठेचाळीसच्या दिवाळीआधी वसईच्या पलीकडे कुठल्याशा सोसायटीची तपासणी करून आला तो थेट आडवाच झाला. तीन दिवस अन्न नाही, शब्द नाही. डॉक्टरने मलेरियाच्या गोळ्या दिल्या. अंगाला हात लावावा तर गार. गार मलेरिया मी तेव्हाच पहिल्यांदा बघितला. त्या भाऊबीजेपासून ही मान खाली. मलेरिया असा मानेत राहतो का, कुणाला विचारायला पाहिजे.

गठ्ठा देव्हाऱ्यात ठेवला. नाथा म्हणाला, अगं, कादंबरी आहे. मी म्हटलं, तू तुझं काम कर.


२० नोव्हेंबर, मंगळवार

सकाळपासून लाल टोक झिजवलं.

धाकलू मुंबईला उतरला, तिथून वखारवाल्यांबरोबर दुसऱ्याच मुलखात गेला, खाडीच्या अंगाला. तिथं वखारीवर एक बाई. चंद्री. गड्यांचं जेवण करते, एका पायाने जरा लंगडते, हसते फार. मी प्रत्येक ओळीला लाल केली. नाथा वाचत राहिला. तिने त्याचा भिजलेला सदरा गवतावर वाळत घातला. लाल. त्याला विचारलं, घरी कोण आहे? लाल. त्याने विडी पेटवली. लाल.

मग तिने ताट वाढलं. तांदळाची भाकरी, सुकट, वर तेलाची धार. त्याने पहिला घास बाजूला काढला आणि चंद्री म्हणाली, "हा कुणासाठी रं?" आणि तो म्हणाला, "शेवटी खातो." आणि ती काहीएक न विचारता तेव्हापासून रोज एक घास जास्त वाढायला लागली.

मी पेन्सिल खाली ठेवली.

वीस वर्षं माझ्या डोळ्यांपुढे ते उपाशीच आहेत. मी ताटावर बसले की ते कुठल्या तरी रस्त्यावर उपाशी चालताना दिसतात. भिजलेले, आजारी, एकटे. एकदासुद्धा जेवताना दिसले नाहीत. आज ह्या पोराने त्यांना बसवून जेवायला घातलं. मला त्या बाईचा राग यायला हवा, सवतच ती. आला नाही. मनात म्हटलं, जेव बाबा. पोटभर जेव.

नाथा विचारत होता, "बाय, पुढे वाचू?"

मी म्हटलं, थांब, त्याला हात धुऊ दे.

मग सगळ्या लाल खुणांवर निळ्या फिरवल्या. पान जांभळं झालं.


१२ डिसेंबर, बुधवार

काही नाही. वाल पेरले. नाथा लिहीत नाही, नुसता नदीवर जाऊन बसतो. शेवट येत नाही म्हणे. पाहुणा आहे काय तो, येत नाही म्हणायला?


२६ डिसेंबर, बुधवार

गिरगावातल्या पुस्तकवाल्याचं पत्र आलं. नाथाने अर्धी प्रत पाठवली होती, ती त्यांनी वाचली. कादंबरी छापणार. मंगळवारी, पंधरा जानेवारीला, त्यांचा माणूस घरी येऊन सगळी नेणार. पत्रात लिहिलंय की ह्यातली बाई इतकी खरी आहे की लेखकाने ती कुठे पाहिली असा प्रश्न पडतो.

मी ते पत्र चार वेळा वाचलं. बोट ठेवून. खरी आहे, लिहिलंय. मुंबईच्या माणसांनी.

माझा भाऊ. ज्याने आयुष्यभर दुसऱ्याने लिहिलेल्यावर खुणा केल्या. त्याने काळ्या शाईच्या रेघोट्यांतून माणसं उठवली, ती चालतात, त्यांना भूक लागते, आणि गिरगावात बसलेल्या कुणा परक्याला ती कळतात. मी त्याला अकरा दिवसांत घोडा म्हटलं होतं. हे खोडत नाही, लिहिलेलं खोडू नये. पण खाली नोंद करते, चूक माझी.


५ जानेवारी ५७, शनिवार

शेवट आला. नाथाने तो वाचून दाखवला नाही.

जेवणं झाली तशी शेवटच्या पानाच्या दोन्ही प्रती माझ्या पुढ्यात ठेवल्या. "हे एक पान तू एकटी वाच. पान दोनशे बारा."

"एकट्याने तपासलेलं धरत नाहीत ना?"

"हे धरतील," म्हणाला आणि चपला घालून गेला.

एक पान वाचायला मला दिवेलागण झाली.

आषाढात धाकलूला ताप भरतो. वखारीत, गवतावरच. चंद्री उशाशी. बाहेर खाडीचं पाणी चढलेलं, डॉक्टर यायला वाट नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे तो डोळे उघडतो आणि चंद्रीला म्हणतो, "बदलापूरकडे जाणारा कुणी भेटला तर सांग, बघून ये म्हणावं, तिची चूल पेटते का."

मग तो जातो. पुढे चारच ओळी आहेत. वखारीच्या सोसायटीच्या बुकात त्याच्या नावावर आडवी रेघ आली. वारस म्हणून चंद्रीने अंगठा दिला. गवत वाळत राहिलं.

मी पेन्सिल धरून बसले. निळी की लाल?

नाथा आला, जेवला, हात धुतले. विचारलं नाही. मी दोन्ही प्रती टिक न करता गठ्ठ्याखाली ठेवल्या. 


६ जानेवारी, रविवार

भाकरी थापताना कळलं. हात पिठात तसाच राहिला, भाकरी करपली.

माझी चूल विझत नाही. ते वाक्य मी बोलले आणि त्यांनी ऐकलं. दोनच माणसं. मी कुणाला सांगितलेलं नाही. मग ते कादंबरीत आलं कसं? लेखणीला कळतं म्हणून मी समाधान करून घेतलं होतं. पण नाथानेच मला शिकवलंय की कागद आपोआप येत नाही, प्रत्येक नोंदीच्या मागे कुणाचा तरी हात असतो, तो शोधायचा.

मी सांगितलं नाही. म्हणजे त्यांनी सांगितलं. कुणाला तरी. आणि त्या कुणीतरी नाथाला.

खाडीच्या अंगाला. वसईच्या पलीकडे. सोसायटीचं बुक, त्यातली आडवी रेघ. गार मलेरिया.

कुंकवाची डबी हातात घेतली. लावलं. पुसलं. पुन्हा लावलं. असं कसं चालेल?

त्याच्या समोर जाऊन विचारलं तर तो मान खाली घालेल आणि मला त्याच्या मानेवरून उत्तर कळेल. मला तसं नको. मानेवरून नको.


९ जानेवारी, बुधवार

आज लिहून काढलं. त्याची नक्कल ठेवते. नाथा सोसायट्यांना पाठवायचा तसंच केलंय. मूळ कागद त्याच्या कागदांवर, शाईच्या दौतीखाली ठेवला.

श्री. नाथा बाळाजी, हिशेब तपासनीस, हल्ली कादंबरीकार, यांस,

तुमच्या कादंबरीची पानं एक ते दोनशे अकरा तपासली. बैल, गवत, विहीर, दार, सगळं पटलं. चंद्रीही पटली. निळ्या टिका केल्या आहेत. अशी गोष्ट मी जन्मात ऐकली नाही आणि ऐकणार नाही. हे आधी लिहिते, कारण पुढचं वाचून तुला वाटेल मी रागावलेय. मी रागावलेली नाही.

पान दोनशे बारावर कुठलीच टिक केलेली नाही.

धाकलू म्हणजे चांगो. नाव लिहिलं. वीस वर्षांत पहिल्यांदा लिहिलं. खाडाखोड वाटू नये म्हणून पुन्हा लिहिते, चांगो.

हे पान तुझ्या डोक्यातून आलं की कुठल्या बुकातून आलं? बुकातून आलं असेल तर तारीख दे. सोमवारी संक्रांत. इंदुबाईकडे हळदीकुंकू आहे, तिथं मला दरसाल नाव घ्यायला लावतात आणि मी घेते. यंदा जायचं की नाही हे मला ठरवायचंय. इंदुबाईने नाही, तूही नाही. आठ वर्षं तू माझ्या कपाळाकडे का बघितलं नाहीस ते वेगळं विचारत नाही, ते त्यातच येईल. तू मला सवाशीण ठेवलंस ते मायेने ठेवलंस हे मला कळतं. पण तपासनिसाने अशी नोंद सोडायची नसते. तूच शिकवलंस.

चंद्री असली तर पत्ता दे. तिळगूळ पाठवते.

आता मुख्य शंका. बाकी सगळं तू रचलेलं असलं तरी चालेल, फक्त हे एक सांग. "बघून ये म्हणावं, तिची चूल पेटते का," हे वाक्य तुझं की त्यांचं? तुझं असेल तर तू फार मोठा लेखक आहेस. मी निळी टिक करते, आणि मरेपर्यंत भांडी हळू घासीन. त्यांचं असेल तर ते पान मंगळवारी त्या माणसाच्या हाती जाणार नाही. ते पान माझं. छापखान्यासाठी दुसरं लिही, तुला येतं लिहायला.

तोंडी उत्तर धरलं जाणार नाही. खुलासा लेखी पाहिजे, हिरव्या शाईत, खाली सही. रविवारी, तेरा तारखेला, भोगीच्या दिवशी सकाळी, मी चूल पेटवायच्या आत.

अंजनी चांगो